अचानक बंद पडणारा घरचा कॉम्प्युटर: आधी लाईन बघा, मग मशीन

रब्बीचं ओलीत सुरू झालं की एकदा आणि एप्रिल-मेच्या उन्हात पुन्हा एकदा, आमच्या भागात हीच तक्रार कानावर येते: "कॉम्प्युटर चालता चालता बंद पडते." तक्रार येईपर्यंत घरच्यांनी बहुधा काही ना काही खर्च केलेला असतो. कुणी विंडोज नव्याने टाकून घेतलेली असते, कुणी रॅम बदललेली असते, कुणाला मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलेलं असतं. तालुक्याच्या दुकानात मात्र तेच मशीन दिवसभर बिनबोभाट चालतं आणि घरी आणून लावलं की सांजेला पुन्हा बंद. मग जे दुकानात नाही आणि घरी आहे, तिथेच आधी शोधायला हवं: घरची लाईन, घरचा उकाडा, घरची धूळ. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले स्थिर व्होल्टेज आणि पंचवीस अंशांची खोली धरून लिहिलेले असतात. ते चुकीचे नसतात, पण त्यांचा क्रम आपल्याला उपयोगाचा नसतो.

खालचा क्रम फुकटाकडून खर्चाकडे जाणारा आहे. मधली पायरी गाळून थेट पार्ट घ्यायला जाऊ नका. पोरांच्या शिक्षणासाठी, पीकविम्याच्या फॉर्मसाठी पोटाला चिमटा घेऊन घेतलेलं मशीन असतं ते. अंदाजाने घेतलेला एकेक पार्ट म्हणजे वाया गेलेले पैसे.

आधी फाइली बाहेर काढा

मशीन पुन्हा सुरू होतंय तोवर सातबारा, मार्कशीट, फोटो, टायपिंगची कामं, जे काही गेलं तर परत मिळणार नाही, ते पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल अर्धवट राहते आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असे झटके वारंवार बसले तर डिस्कच जाऊ शकते. तपासणीत आपण मशीन मुद्दाम बंद पडू देणार आहोत, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

बंद कसं होतं, ते वहीत लिहा

चार-पाच दिवस एक वही कॉम्प्युटरजवळ ठेवा. बंद पडलं की वेळ लिहा, त्या वेळी काय चाललं होतं ते लिहा आणि घरात-बाहेर काय सुरू झालं तेही लिहा. कूलर लावला, टुल्लू पंप लावला, मिक्सर फिरवला, थ्री फेज (शेतपंपांची वीज) आली, शेजारी वेल्डिंग सुरू झालं, सगळं. अर्ध्याहून जास्त निदान या वहीतच होतं.

नुसतं "बंद पडते" पुरेसं नाही. स्क्रीन, पंखा, लाईट सगळं एका क्षणात गेलं का? मग वीज तुटली, किंवा मशीनने स्वतःला वाचवायला ती तोडली. निळी स्क्रीन येऊन मशीन पुन्हा सुरू झालं का? मग रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्ककडे बघायचं. "शटिंग डाऊन" असं दाखवून रीतसर बंद झालं का? मग ते विंडोजने किंवा एखाद्या प्रोग्रामने ठरवून केलेलं आहे. आणि नुसती स्क्रीन काळी होऊन बटणाचा दिवा लुकलुकतोय का? मग मशीन बंद पडलेलंच नाही, झोपलंय. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप'ची वेळ वाढवली की प्रश्न मिटला. लोक यासाठीसुद्धा दुकानात मशीन घेऊन जातात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वेळेचा ठसाही बघा. सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद, लगेच सुरू केलं तर पाच मिनिटांत बंद, अर्धा तास थांबून सुरू केलं तर पुन्हा वीस मिनिटं चालतं: ही उष्णता. ठरावीक वेळेलाच, पण मशीन नुकतं लावलं असो की तासभर चाललेलं असो, बंद: ही लाईन. सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांतच दरवेळी बंद: बहुधा अडकलेलं पॉवर बटण. आणि अगदी घड्याळ लावल्यासारखं दर तासाला बंद होत असेल, तर कुणीतरी विंडोजची चाचणीपुरती दिलेली आवृत्ती टाकून दिली आहे. तिची मुदत संपली की ती दर तासाला मशीन बंद करते. त्यावर पार्ट बदलून उपयोग नाही, नीट विंडोज टाकावी लागते.

विंडोजने काय लिहून ठेवलंय

विंडोज स्वतःही नोंद ठेवते. स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करा, 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्यातलं 'सिस्टम'. उजव्या बाजूच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये इव्हेंट आयडीच्या रकान्यात ४१, ६००८, १०७४ आणि १००१ हे आकडे इंग्रजीत, मध्ये स्वल्पविराम देऊन टाका.

१०७४ म्हणजे कुणीतरी रीतसर बंद करायला सांगितलं. कोणत्या प्रोग्रामने, तेही तिथेच लिहिलेलं असतं. अपडेटचं रीस्टार्ट इथे सापडतं, दर तासाचं प्रकरणही इथेच. ६००८ म्हणजे मागच्या वेळी मशीन अनपेक्षितपणे बंद झालं, एवढंच. १००१ ही नोंद 'बगचेक' म्हणून आली असेल तर निळी स्क्रीन आली होती.

४१ या आकड्याने लोक विनाकारण घाबरतात. 'कर्नल-पॉवर ४१, क्रिटिकल' असं लाल चिन्हासह दिसतं आणि विंडोज खराब झाली असं वाटतं. खरं तर या नोंदीत कारण नसतंच. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजच्या लक्षात येतं की आपल्याला नीट बंद केलं नव्हतं, आणि ती तसं लिहून ठेवते. कुणी प्लग ओढला तरी हीच नोंद येते. कामाची गोष्ट आहे ती 'डिटेल्स' टॅबमधली 'बगचेककोड'ची ओळ. तिथे शून्य असेल तर विंडोज कोसळलेली नाही. वीज तुटली असेल, मशीन तापून बंद झालं असेल, किंवा गोठलं म्हणून तुम्हीच बटण दाबून धरलं असेल. शून्य दिसत असताना विंडोज नव्याने टाकायचे पैसे कुणी मागत असेल तर देऊ नका.

मशीन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर आणखी एक सेटिंग बदला. 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'अबाउट', तिथून 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज', मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'. 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. आता निळी स्क्रीन आलीच तर ती थांबून राहील आणि तिचा फोटो काढता येईल.

एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. मशीन सुरू करताना 'डिलीट' किंवा 'एफ २' दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा आणि तसंच तासभर सोडून द्या. तिथे विंडोज नसते, व्हायरस नसतो, ड्रायव्हर नसतो. तिथेही बंद पडलं, तर दोष वीज, उष्णता किंवा पार्ट यांतच आहे.

लाईन: इथे घाई करू नका

मोटारपंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. थ्री फेज आली की एकाच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) ज्या-ज्या पंपांना ऑटो स्विच लावलेत ते सगळे एकदम लागतात, आणि त्या क्षणी लाईन दणकन खाली येते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं ते याचसाठी. गावठाणाचा आणि शेतीचा फिडर (वीजवाहिनी) वेगळा झालेला नसेल, किंवा घरच वावरात असेल, तर हा झटका थेट तुमच्या बोर्डापर्यंत येतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला (लाईनची वीज मशीनला लागेल तशी करून देणारा आतला डबा) विजेचा साठा पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरतो. पन्नास हर्ट्झच्या लाईनचं एक आवर्तन, म्हणजे विजेची एक पूर्ण लाट, २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे एका आवर्तनाएवढीही लाईन गचकली तर मशीन पडू शकतं. टीव्ही तगतो, पंखा तर फिरतच राहतो, म्हणून "लाईन तर गेलीच नव्हती" असं घरचे शपथेवर सांगतात, आणि ते खरंही असतं.

हे ओळखायला जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी नको. एलईडीतलं सर्किट कमी व्होल्टेजही सांभाळून घेतं आणि उजेड तसाच ठेवतं, त्यामुळे दोष लपतो. साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा बल्ब कॉम्प्युटरच्याच बोर्डावर लावा आणि संध्याकाळी लक्ष ठेवा. मशीन पडतं त्याच क्षणी बल्ब मंदावला, तर गुन्हेगार सापडला. बल्ब त्याच घरात दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर लावून पुन्हा बघा. तिथे मंदावत नसेल तर दोष डीपीवर नाही, त्या बोर्डाच्या वायरिंगमध्ये आहे.

मग मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण वापरण्याआधी एक खात्री करा: लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे, '१० ए' लिहिलेल्या भोकात नाही. ती '१० ए'मध्ये ठेवून सॉकेटला लावली तर सरळ शॉर्ट होतो. डायल एसीच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे ७५० किंवा ६०० वर ठेवा. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे. हे जमेल असं वाटत नसेल तर सॉकेटमध्ये खोचायचं, आकडा दाखवणारं व्होल्टमीटर मिळतं, ते लावून ठेवा. घरात लहान मुलं असतील तर तेच बरं.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास आणि थ्री फेज येण्याच्या वेळी आकडे वहीत लिहा. आपल्याकडे नाममात्र व्होल्टेज २३० आहे. पॉवर सप्लायच्या लेबलवर 'इनपुट' म्हणून किती लिहिलंय ते बघा. कुठे १०० ते २४० असतं, कुठे १८०च्या पुढेच. संध्याकाळी लाईन १७०वर येत असेल आणि तुमचं लेबल १८०पासून सुरू होत असेल, तर बाकी काही शोधायची गरज नाही. जुन्या काही पॉवर सप्लायवर मागे लाल सरकवायचं बटण असतं, ११५ आणि २३० असं. लाईन डिम आहे म्हणून ते कधीही ११५वर नेऊ नका. क्षणात फुटेल.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त घातक आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल ढिला असला की एका घरात लाईन डिम आणि शेजारच्या घरात अडीचशे-तीनशेच्या वर जाते. बल्ब एकदम पांढरेशुभ्र पेटले, पंखे पिसाटल्यासारखे फिरू लागले, तर आधी मेन स्विच पाडा, मग लाईनमनला फोन करा. स्वतः खांबावर चढू नका, डीपीला हात लावू नका. महावितरणचा १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालतो. व्होल्टेजची तक्रार लेखी द्यायची असेल तर "लाईन डिम राहते" असं मोघम न लिहिता वहीतल्या तारखा, वेळा आणि आकडे लिहा, आणि त्याच डीपीवरच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या. अशा अर्जाकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

अर्थिंगही याच वेळी तपासा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला उलटा हात लागला की मुंग्या येतात, ही गोष्ट लोक सवयीची धरतात. ती सवयीची नाही. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर लाईनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज चढून बसतं. करंट फार थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण आत खरोखर काही शॉर्ट झालं तर त्याला जमिनीत जायला वाट नसते. मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असं मोजा. दोन्ही जवळपास सारखे आले पाहिजेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसले पाहिजेत. उन्हाळ्यात जमीन कोरडी होते आणि अर्थिंग निकामी होतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून अधूनमधून पाणी घाला. मुळात अर्थिंगच नसेल तर वायरमनकडून ते करून घेणं हा या लेखातला सगळ्यात योग्य खर्च आहे. तो कॉम्प्युटरपुरता नाही, घरातल्या माणसांसाठी आहे.

बोर्डाचं थोडक्यात सांगतो. कूलर, फ्रिज, इस्त्री आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शनवर नको. प्लग सॉकेटमध्ये हलत असेल, पिन काळी पडली असेल, प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर सॉकेट बदला. कॅबिनेटच्या मागे लागणारी जाड वायर हलवून बघा. ती ढिली असल्यानेही मशीन बंद पडतं, आणि ती बदलायला फार खर्च येत नाही.

यूपीएस असूनही बंद का पडतं

लाईन गेली की त्याच क्षणी मशीनही जात असेल, तर यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. हिरवा दिवा लागतो, आवाज येतो, याला अर्थ नाही. आत बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी असते, दोन-तीन वर्षं चालते. आपल्या उन्हात त्याहून कमी, कारण अशा बॅटरीचं आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. तपासायचं तर कॉम्प्युटर काढून घ्या, यूपीएसवर शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग ओढा. बल्ब पाच मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला. नवा यूपीएस घ्यायची गरज सहसा नसते. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती आत ठेवून यूपीएस वापरू नका.

घरून झेरॉक्स-प्रिंटची कामं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, आणि लेझर प्रिंटर कागद भाजायला तापतो तेव्हा काही क्षण त्याच्या दुपटीहून जास्त ओढू शकतो. मग प्रिंट दिली की मशीन बंद, असा प्रकार होतो आणि दोष प्रिंटरच्या ड्रायव्हरवर ढकलला जातो. प्रिंटरचा प्लग सरळ भिंतीत.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर मागचं छोटं बटण बघा: 'यूपीएस' आणि 'नॉर्मल', काहींवर 'इको'. नॉर्मलवर असताना इन्व्हर्टर लाईन खूप खाली जाईपर्यंत वाट बघतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो. पंख्याला ते चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही. बटण यूपीएसवर करा. पण लाईन सतत १८०च्या खाली राहणाऱ्या गावात यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टर दिवसभर बॅटरीवरच चालतो, आणि रात्री खरी गरज असताना बॅटरी रिकामी सापडते. अशा ठिकाणी कॉम्प्युटरला वेगळा लहान यूपीएस घ्या, कमी व्होल्टेजही उचलून घेणारा 'लाईन इंटरॅक्टिव्ह' प्रकारचा, आणि इन्व्हर्टर नॉर्मलवर राहू द्या. नुसता रिलेचा स्टॅबिलायझर पुरत नाही. तो टक्-टक् करत बदलतो तेव्हाच क्षणभर वीज तुटते.

ऊन आणि धूळ

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. टिनाच्या खोलीत दुपारी ४२ अंश ही साधी गोष्ट आहे. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतल्याच हवेने त्याला थंड करतो, म्हणून खोली जितकी तापेल तितकाच प्रोसेसरही वर जातो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना जो प्रोसेसर कामात ७०ला होता, तोच मे महिन्यात ९०ला पोचतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला हळू करतात, आणि तरीही तापले तर मशीन बंद करतात. म्हणून बंद पडायच्या आधी मशीन रेंगाळत असेल, पंखा जोरात ओरडत असेल, तर बोट उष्णतेकडेच दाखवायचं. 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूइन्फो' हे मोफत प्रोग्राम तापमान दाखवतात. नुसतं चालू असताना पन्नास-पंचावन्न आणि कामात ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत उन्हाळ्यात चालेल. ९५ दिसलं तर काम थांबवा.

कॅबिनेट उघडल्यावर लोक वरून पंखा बघतात, पाती पुसतात आणि स्वच्छ झालं म्हणतात. अडचण पंख्याच्या खाली असते. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवलेला असतो, त्याचे तंतू हवेत असतात. सोयाबीन-तुरीच्या मळणीची बारीक धूळ असते, चुलीची काजळी असते. हे सगळं पंख्याने आत ओढलं जातं आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या, म्हणजे हीटसिंकच्या, तोंडाशी अडकून एकमेकांत विणलं जातं. पंखा काढला की खाली राखाडी पापुद्रा दिसतो. तो चिमट्याने अख्खा उचलता येतो, आणि उजेडाकडे धरला तर आरपार काही दिसत नाही. पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा त्यातून जातच नव्हती.

साफ करायचं ते असं. सगळ्या वायरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज उतरते. मशीन ओसरीत किंवा सावलीत आणा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा. पंख्याचे स्क्रू किंवा क्लिपा सोडवून पंखा वेगळा करा, पापुद्रा उचला, पट्ट्यांमधून रंगाचा कोरडा मऊ ब्रश फिरवा. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने अडवून धरा, फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा मारायची सवय अनेकांना आहे. ते टाळा. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, तेलाचा अंश असतो आणि दाब एवढा असतो की बोर्डवरचे बारीक पार्ट उखडतात.

हीटसिंकच काढावं लागलं तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) नवी लावायलाच हवी. जुनी सुती कापडाने पूर्ण पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा आणि हीटसिंक सरळ खाली दाबा. इंटेलच्या साध्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. तिरप्या समोरासमोरच्या दोन, मग उरलेल्या दोन अशा दाबा. प्रत्येकीचा 'टक्' आवाज आला पाहिजे. एक खुंटी जरी वर राहिली तरी हीटसिंक तिरकं बसतं आणि मशीन काही मिनिटांत तापतं. साफसफाईनंतर "आता तर जास्तच लवकर बंद पडते" असं कुणी म्हणालं की पहिल्यांदा ही खुंटीच बघायची.

जागाही बदला. टेबलाच्या बंद कप्प्यातलं कॅबिनेट बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ती हवा गार असली तरी दमट असते, आणि कूलर जोरात असला की तुषारही येतात. कूलर खोली थंड करेल तेवढं पुरे. नवतपाच्या दिवसांत जड काम सकाळी उरकून घ्या.

पॉवर सप्लाय

लाईन ठीक, धूळ साफ, तरी मशीन बंद पडतंय, तर आता पॉवर सप्लाय. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेला असेल तर संशय आणखी वाढतो. मागचा पंखा फिरतो का, जळका वास येतो का, बायोसमधल्या 'हार्डवेअर मॉनिटर'मध्ये १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६च्या आत आहे का, ते बघा. मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा लहान कनेक्टर काढून बघा. तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर तिथेच उत्तर आहे. खात्रीची चाचणी एकच: ओळखीच्या कुणाचा चांगला पॉवर सप्लाय दोन दिवसांसाठी आणून लावणं.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज काही काळ राहतं.

नवा घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ने गुणा. '४५० वॉट' म्हणून विकलेल्या डब्यावर १६ अँपिअर लिहिले असतील, तर जिथे गरज असते तिथे तो १९२ वॉटच देतो.

बटण, पाली, रॅम

पॉवरचं बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं की मशीन बंद होतं, ही सोयच आहे. पण बटणात धूळ-चिकटा बसला की ते दाबलेलंच राहतं. मदरबोर्डवर 'पॉवर स्विच' लिहिलेली दोन पिनांची बारीक वायर असते, ती काढा. त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा. आता टिकलं तर दोष बटणात. बटण बदलेपर्यंत 'रीसेट'ची वायर तिथे लावून काम भागवता येतं.

कॅबिनेटच्या मागच्या उघड्या फटींतून पाली, मुंग्या, उंदीर आत जातात. पाल पॉवर सप्लायमध्ये शिरली की शॉर्ट ठरलेला. फटींना पत्र्याच्या पट्ट्या लावा, नसतील तर मच्छरदाणीची जाळी ताणून चिकटवा. पॉवर सप्लायच्या पंख्यावर मात्र जाळी लावू नका, हवा अडते.

"यूएसबी ओव्हर करंट" असं लिहून पंधरा सेकंदांत बंद होत असेल, तर यूएसबीचं सगळं काढा आणि पुढच्या पोर्टमध्ये वाकलेली पिन आहे का बघा. रॅममुळे बहुधा निळी स्क्रीन येते, पूर्ण बंद क्वचितच. तरी रॅम काढून पितळी दात पांढऱ्या खोडरबराने पुसा, दोन असतील तर एकेक लावून चालवा आणि रात्री 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' लावून ठेवा.

लॅपटॉप असेल तर

लॅपटॉपला बॅटरी असल्याने लाईनचा झटका सहसा लागत नाही. प्लग हलला की बंद पडत असेल तर बॅटरी मेलेली आहे आणि चार्जरची पिनही ढिली आहे. गादीवर ठेवून वापरल्याने खालची जाळी बंद होते आणि तो तापतो. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा झाकण नीट बसत नाही असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. लगेच चार्जिंग काढा, दाबू नका, भोक पाडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दुकानात नेताना

एवढं करूनही बंद पडत असेल तर राहतो मदरबोर्ड. प्रोसेसरच्या आजूबाजूच्या उभ्या कपॅसिटरांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा वर तपकिरी डाग असलेली दिसली तर ते बदलता येतात, पण चांगलं सोल्डरिंग करणारा माणूस हवा. दहा-बारा वर्षांच्या मशीनला जुना बोर्ड शोधून लावण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या वापरलेल्या पूर्ण मशीनमध्ये घालणं मला योग्य वाटतं.

दुकानात वही सोबत न्या. "बंद पडते" एवढंच सांगितलं तर अंदाज बांधला जातो. "बायोसमध्ये चाळीस मिनिटांत बंद पडतं, बगचेककोड शून्य आहे, दुसरा पॉवर सप्लाय लावून बघितला" असं सांगितलं तर थेट कामाला सुरुवात होते. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. वीज, उष्णता आणि बोर्ड यांच्या तपासणीला तुमची डिस्क लागत नाही. आधार, पासबुक, सातबारा ज्या डिस्कवर आहेत ती दोन वायरी आणि चार स्क्रू काढून घरीच ठेवा.